नोंद नसलेले तीन फोटो

आंबेनळी घाटातल्या त्या घटनेला आता काही वर्षं झाली. मीही सेवानिवृत्त झालो. पण तो तपास मनातून जात नाही. त्या वेळी मी महाड-पोलादपूर पट्ट्यातल्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. नावं लिहीत नाही. एक माणूस गेला, आणि ज्याच्यावर आम्ही संशय घेतला तो अजून हयात आहे.

गेले ते महाडच्या एका शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांना गावात सगळे सर म्हणत. सरांना एकच नाद होता, कॅमेऱ्याचा. कॅमेरा रोलचा, पण साधासुधा नव्हे. आपोआप फोकस करणारा, रोल मोटरवर पुढे सरकवणारा, एके काळी वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार वापरत त्या दर्जाचा. हातात घेतला की विटेसारखा जड. मोबाईलवर फुकट फोटो निघण्याच्या दिवसांत हे गृहस्थ छत्तीस फोटोंचा रोल महिना महिना पुरवत आणि धुवायला पुण्याला पाठवत.

पाऊस ओसरला होता. एका बुधवारी सर सकाळच्या एसटीने घाटात गेले आणि संध्याकाळी परतले नाहीत. त्यांच्या पत्नीने तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी, घाटातल्या एका वळणाखाली सुमारे दोनशे फुटांवर, कारवीच्या रानात मृतदेह सापडला. डोंगर चढणाऱ्या स्थानिक तरुणांनी दोर लावून तो वर आणला. खिशात पाकीट होतं, हातात घड्याळ होतं. कॅमेरा नव्हता.

पंचनाम्यात एक छोटी वही मिळाली. सर प्रत्येक फोटोची नोंद ठेवत. क्रमांक, जागा, उजेड. शेवटची नोंद होती, ‘२२. दरी, ढगाची सावली.’

आधी आकस्मिक मृत्यूची नोंद केली होती. शवविच्छेदनात डॉक्टरांनी मत दिलं की पडल्यानंतर तीन-चार तास जीव असावा. ते वाचून माझं डोकं तापलं. कॅमेऱ्यासाठी कुणीतरी म्हाताऱ्या माणसाला ढकललं आणि तडफडत ठेवून निघून गेलं, असं चित्र मनात तयार झालं. मनात चित्र तयार झालं की अधिकारी त्या चित्राला जुळणारा पुरावाच शोधू लागतो. हे मी आज लिहितो. तेव्हा कळत नव्हतं.

पाचव्या दिवशी महाडमधल्या एका फोटो स्टुडिओच्या मालकाचा फोन आला.

“साहेब, एक माणूस गोणपाटात गुंडाळून कॅमेरा घेऊन आला होता. सरांचाच आहे. असा दुसरा महाडात नाही.”

“विकायला आला होता?”

“नाही. रोल धुऊन मिळेल का, विचारत होता. मी उद्या ये म्हणून सांगितलंय.”

रोल धुवायला का आणला असेल, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. दुसऱ्या दिवशी सापळा लावून त्याला पकडलं. चाळिशी ओलांडलेला, बारीक अंगाचा माणूस. उमरठच्या बाजूचा. घाटात त्याच वळणाजवळ कणसं भाजून विकायचा. घरी बायको आणि आई.

कॅमेरा पंचांसमोर जप्त केला. वरच्या छोट्या पडद्यावर पंचवीस आकडा होता. स्टुडिओच्या मालकाने दोन बटणं एकदम दाबून रोल गुंडाळून घेतला, आम्ही तो सीलबंद केला.

चौकशीत तो पहिल्यांदा खोटं बोलला.

“कठड्यावर पडलेला गावला, साहेब.”

“हात लावलास?”

“नाय. तसाच उचलला.”

मी वही पुढे ठेवली. “सरांनी बावीस काढले. यात पंचवीस आहेत. वरचे तीन कुणी काढले?”

तो खाली बघत राहिला. मी त्याच्या कानशिलात लगावली. हे लपवून लिहिण्यात अर्थ नाही.

मग तो बोलला. “मीच काढलं, साहेब. त्यांनीच सांगितलं. म्हणाले, बायको म्हणते इतकी वर्षं फोटो काढता, तुमचा एक नाय त्यात. माजा काड. आणि कठड्यावर बसले.”

“पुढे?”

“मी दाबलं. त्यांना वाटलं माजं चुकतंय. अंगठा दाखवाया लागले. मागं दाब, मागं दाब, म्हणत होते. मला कायच समजंना. ते अंगठा दाखवत मागं झाले आणि गेले. मी ढकललं नाय. रोल धुवा, साहेब. त्यात दिसंल.”

माझ्या हाताखालचा हवालदार हसला. मीही त्यावर विश्वास ठेवला नाही. कॅमेऱ्याचं बटण वर असतं, अंगठा मागे कशाला? जबाब जसाच्या तसा लिहून घेतला, तोही बनाव उघडा पडेल म्हणून. न्यायालयातून पोलीस कोठडी मिळाली. बातमी गावात गेली. कुणीतरी त्याची शेगडी आणि बाकडं दरीत फेकून दिलं. त्याची आई दोन दिवस ठाण्याच्या आवारात बसून होती. मी बाहेर पडलो की म्हणायची, “साहेब, तो कोंबडी कापताना तोंड फिरवतो वो.” मी न थांबता जीपमध्ये बसायचो.

रोल पुण्याला पाठवण्यात, परवानग्या घेण्यात दिवस गेले. फोटो आले तेव्हा मी ते टेबलावर ओळीने मांडले. बावीस फोटो इतके स्वच्छ, की गवताची पाती मोजावीत. शेवटचे तीन धुरकट. एकात कठड्यावर बसलेली पांढऱ्या शर्टातली आकृती. दुसऱ्यात ती आकृती मागे कललेली, एक हात वर. तिसऱ्यात नुसता रस्ता आणि आकाश, तेही तिरपं.

मला वाटलं, झटापटीत फोटो हलले. ओळख पटवण्यासाठी सरांच्या पत्नीला बोलावलं. त्याही निवृत्त शिक्षिका. बाईंनी पहिला धुरकट फोटो उचलला आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

“हे हलल्यामुळे नाही झालेलं,” त्या म्हणाल्या. “फोकसच झालेला नाही. मी काढलेले सगळे फोटो असेच यायचे.”

“म्हणजे?”

“त्यांनी कॅमेरा तसा लावून घेतला होता. वरचं बटण दाबून नुसता फोटो निघायचा. फोकससाठी मागचं बटण अंगठ्याने दाबून धरायचं. माझ्या कधी लक्षात राहिलं नाही. हे लांबून ओरडायचे, मागचं दाब, मागचं दाब, आणि असा अंगठा करायचे.”

बाईंनी हात वर केला आणि हवेत अंगठा दाबून दाखवला. मी टेबलावरचा दुसरा फोटो पाहिला. हात तसाच होता.

त्यांनी अजून जबाबाबद्दल काही ऐकलेलं नव्हतं. मी कपाटातून जबाब काढला आणि त्यांना वाचून दाखवला. ‘बायको म्हणते तुमचा एक नाय त्यात,’ या ओळीवर त्यांनी पदर तोंडाला लावला. “हे मीच म्हणाले होते,” एवढंच बोलल्या. थोड्या वेळाने विचारलं, “त्या माणसाला तुम्ही मारलंत का?”

मी “हो” म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फोटो नीट एकावर एक ठेवले आणि उठल्या.

स्टुडिओच्या मालकाला बोलावून कॅमेरा तपासून घेतला. बाईंचं म्हणणं खरं होतं. ही गोष्ट माहीत नसलेला माणूस ती रचून सांगू शकत नव्हता, आणि सर गेल्यावर त्याला ती सांगणारंही कुणी नव्हतं. न्यायालयात तसा अहवाल दिला. त्याची सुटका झाली.

सुटला त्या दुपारी मी त्याला ठाण्यात बसवून चहा दिला. त्याने तो प्यायला नाही. मी विचारलं, “ते पडल्यावर खालून काही आवाज आला होता?”

“आला होता. दोनदा हाक मारली त्यांनी.”

“मग रस्त्यावर गाडी का थांबवली नाहीस? आम्हाला का नाही कळवलं?”

“गाडी आली होती, साहेब. मी हात वर केला आणि परत खाली घेतला. त्यांचा कॅमेरा माज्या हातात. मानूस खाली. कोन इस्वास ठेवनार हाय? म्हटलं आधी रोल धुऊन घ्यावा, मग तुमच्याकडं यावं. तवर त्यांचं काय होईल ते सुचलंच नाय. आता झोप लागत नाय.”

तो उठून गेला. पुढे त्याने घाटात कणसं विकणं सोडलं आणि कामाला मुंबईला गेला, असं कळलं. सरांच्या पत्नीने कॅमेरा ताब्यात घेताना पावतीवर सही केली, पण तीन फोटोंपैकी एकही मागितला नाही.

पोलिसांच्या नोकरीत धाक उपयोगी पडतो, हे मी पस्तीस वर्षं ऐकलं आणि नव्या पोरांना शिकवलंही. पण गुन्हेगाराला बसणारा धाक आणि साध्या माणसाला बसणारा धाक वेगळा नसतो, हे मी उशिरा शिकलो. त्या दिवशी दरीत माणूस जिवंत होता. वर रस्त्यावर त्याला वाचवू शकणारा माणूस उभा होता. दोघांच्या मध्ये आमची भीती होती.

पुष्कळदा मनात येतं, तो त्या दुपारी कॅमेरा हातात घेऊन धावत ठाण्यात आला असता, तर मी काय केलं असतं? आधी दोर घेऊन दरीकडे गेलो असतो, की आधी त्याला आत बसवलं असतं? इतरांना मी सांगतो की दरीकडे. स्वतःला तसं सांगता येत नाही.