टाक्याच्या काठाचे दगड

बदलापूरमागच्या डोंगरावरच्या गडाविषयी मी लेख लिहिला, तेव्हा वृत्तपत्रात नोकरीला लागून मला दोन वर्षे झाली होती. एकोणीसशे पन्नासनंतरचा एक मे महिना. मला वर नेणारे म्हातारे बाबा पायथ्याच्या वाडीतले होते.

दरवाजा ढासळला होता. त्याच्या एका बाजूचा बुरूज मात्र शाबूत होता, चुन्याशिवाय रचलेला. पुढे कातळात खोदलेल्या पायऱ्या, खांब रोवायच्या चौकोनी खाचा आणि शेवटी पाण्याचे टाके. कातळ आत पोखरून दोन खांब राखलेले, तोंडाशी घडीव दगडांचा गुडघाभर काठ. पावसात उतारावरची माती आत जाऊ नये म्हणून तो बांधला होता. वाडीची विहीर चैत्रात आटे. मग पाऊस लागेपर्यंत बायका याच टाक्यातून पाणी नेत. टाक्याकडची वाट करवंदीच्या फांद्या टाकून बुजवलेली असे. बाबांनी त्या माझ्यासाठी बाजूला केल्या आणि परतताना पुन्हा लावल्या.

उतरताना ते म्हणाले, "दरवाज्याचं लिवा, बुरजाचं लिवा. टाक्याचं नका लिवू, मास्तर."

मी हो म्हणालो. कचेरीत बसल्यावर टाक्याशिवाय लेख अपुरा वाटू लागला. मी टाके घातले, काठाच्या दगडांची लांबी-रुंदीही दिली. मापे अचूक होती.

आठवड्याच्या आत एक गृहस्थ कचेरीत आले. कात्रण त्यांच्या खिशात होते. लेखाची स्तुती करून त्यांनी वाट विचारली. इतिहासाची आवड असेल असे समजून मी ती कागदावर काढून दिली.

ते बांधकामाचे कंत्राटदार होते, हे मला पुढच्या उन्हाळ्यात वाडीत कळले. मागच्या पावसापूर्वीच त्यांच्या मजुरांनी काठ उचकटून दगड उतारावरून खाली लोटले होते. पावसाळ्यात टाके मातीने भरले. आता बायका नदीवरून पाणी आणत होत्या. एका खेपेला अर्धा दिवस जाई.

बाबांनी लेख वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला. मापांपाशी त्यांनी मला थांबवले आणि तेवढा भाग पुन्हा वाचायला लावला.

"बराबर हाय," ते म्हणाले. "जल्मभर त्या काठावर बसलो. यवढं बराबर आमाला पन सांगता आलं नसतं."

त्यांची सून माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती. त्यांनी तिला तो परत आत न्यायला सांगितले.