हातात दिलेलं

आपा कुणाच्या तोंडाकडे बघायची नाही. हातांकडे बघायची. तुम्ही तिला फाइल द्या, चहाचा कप द्या, स्वतःच्या लग्नाची पत्रिका द्या. तिची नजर तुमच्या बोटांवरून मनगटापर्यंत जायची आणि तिथूनच माघारी फिरायची. "नखं काप," एवढं बोलून पत्रिका टेबलावर. कुवेतला आल्यावर पहिले सहा महिने मला वाटायचं, बाईला माझं थोबाड पसंत नाही. नंतर कळलं, तिनं ते पाहिलेलंच नव्हतं.

शुऐब्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा खासगी दवाखाना होता. आपा तिथली सगळ्यांत जुनी सिस्टर, दापोलीकडच्या खाडीकाठची. मी एक्स-रे काढणारा, जालन्याचा. तिथला उन्हाळा असा की सावलीसुद्धा माणसाचे पाय सोडून एसीत येऊन बसते. हे मी सांगायला लागलो की आपा म्हणायची, "थापाड्या, गप. पेशंट ऐकतायत." पण ऐकायची तीही, हे तिच्या खांद्यांवरून कळायचं. खांदे हसायचे.

तोंड न बघण्याचं कारण तिनं मला एकदाच सांगितलं, तेही पट्ट्या गुंडाळताना. नवीन नवीन आली होती तेव्हा एका घरकाम करणाऱ्या मुलीनं तिच्याकडे नुकतं जन्मलेलं बाळ आणून दिलं होतं. लग्नाशिवाय बाळ म्हणजे तिथे थेट तुरुंग. पोलिसांनी विचारलं, कशी होती? आपानं खरं ते सांगितलं, गालावरच्या तिळासकट. दुपारी दोघा शिपायांनी ती मुलगी आणून तिच्यासमोर उभी केली. हीच का?

"मी हो बोललंय," आपा म्हणाली. "हीच होती ना. खोटं कसं बोलू?" मग गुंडाळलेली पट्टी तिनं उलगडून पुन्हा गुंडाळली. "तोंड बघितलं की तोंड सांगावं लागतं. म्हणून बघत नाय."

जगात असे देश आहेत म्हणतात, जिथे आईनं बाळ दवाखान्यात नाहीतर पोलीस ठाण्यात आणून द्यावं आणि निघून जावं. कायदाच तसा, तिला कुणी काही विचारत नाही. आमच्याकडे कुवेतला प्रश्न आधी, बाळ मागून.

तर तो दिवस. दुपारची नमाज झालेली, डॉक्टर जेवायला गेलेले. काळा अबाया घातलेली एक मुलगी मान खाली घालून आत आली, सरळ आपाच्या काउंटरला गेली आणि टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी तिच्या हातांत ठेवलं. "खाला," एवढंच म्हणाली. मावशी. मग वळली, आणि माझ्या खोलीच्या दारापाशी येऊन तिनं मान वर करून एकदाच मागं पाहिलं. त्या क्षणी ती माझ्यापासून दोन हातांवर होती. हनुवटीवर भाजल्याचा डाग. वय वीस-बावीस. मी थापा मारतो हे तुम्हाला आता माहीत झालंय, पण हा चेहरा मी आजही डोळे मिटून काढून दाखवीन.

आपाची मान खालीच. "दोन किलो सातशे," ती म्हणाली. वजनकाट्यावर बाळ होतं, मुलगी. घड्याळ बघून वेळ लिहिली. दोऱ्यानं बांधलेली नाळ नीट चिमट्यात धरली, टॉवेल वेगळ्या पिशवीत घातला, डॉक्टरांना बोलावलं आणि मग पोलीस ठाण्याला फोन केला.

मॅनेजर धावत आला. "सिस्टर, बोल दो बाथरूम में मिला. कोई नहीं था, मिल गया. फाइल बंद!"

मीही तेच म्हणालो. "आपा, सापडलं म्हण. तुलाही त्रास नाही, तिलाही नाही."

"सापडलेलं नाय," आपा म्हणाली. "दिलेलं हाय."

एक फौजदार आणि एक शिपाई आले. शिपाई असा धिप्पाड की दारातून आडवं होऊन यावं लागलं. आपानं त्याला आधी बेसिनवर धाडलं, कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि बाळ त्याच्या हातावर ठेवलं. "डोकं कोपरात. पिस्तूल पलीकडं." ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तो माणूस श्वास घ्यायचा विसरला. माझ्या देखत त्याचंच दोन किलो सातशे वजन उतरलं असेल.

फौजदारानं छापील फॉर्म काढला. बाळ सरकारी इस्पितळात जाणार, सोबत पोलीस. कागद सरकारी वकिलाकडे जाणार. पुढं सरकारी बालगृह. फॉर्मवर ओळ तयारच होती: टाकून दिलेलं मूल सापडलं. ठिकाण, वेळ, सही.

आपा पंचवीस वर्षांच्या अरबीत बोलली; मी मराठीत सांगतो. "ही ओळ खोडा. लिहा, सिस्टरच्या हातात दिलं."

"दिलं म्हटलं तर कुणी दिलं ते आलं," फौजदार म्हणाला. "सापडलं म्हणा. तुम्हाला सोपं."

"हा कागद तिच्याबरोबर जन्मभर राहणार ना? कधीतरी ती वाचणार. टाकलेली नव्हती ती."

"मग देणारीचं तोंड कसं होतं?"

"तोंड मी बघितलं नाय. हात बघितलेत. ब्लीचनं सोललेले."

अशा हातांच्या बाया त्या गावात हजारो. फौजदारानं बाहेरच्या दारावरचा एकुलता कॅमेरा तपासला. त्यात नुसती खाली घातलेली मान. त्यानं पेन टेबलावर आपटलं आणि माझ्याकडे वळला. "तू?"

मंडळी, जन्मभर मी पाहिलेल्यात भर घालत आलो होतो. वजा करायची वेळ पहिल्यांदाच आली. "साहेब," मी म्हणालो, "मी एक्स-रेवाला. मला माणसाच्या आतलं दिसतं, बाहेरचं दिसत नाही."

तो हसला नाही. साधारण चाळीस वर्षं माझ्याकडे बघत राहिला. मग माझं ओळखपत्र घेतलं, नंबर उतरवून घेतला. "खोटं निघालं तर पुढच्या विमानात बसवीन."

आणि फॉर्मवरची छापील ओळ खोडून वर हातानं लिहिलं. आपानं ते दोनदा वाचायला लावलं, मगच सही केली.

ते लोक गेल्यावर मी म्हटलं, "आपा, मी—"

"मना सांगू नको," ती म्हणाली. "तू बघितलंस. तुझा तू बघ."

पुढचे दोन महिने फोन वाजला की मी आधी बॅग भरायला घ्यायचो. आपाला ठाण्यावर तीनदा बोलावलं. तीनही वेळा इस्त्रीचा युनिफॉर्म घालून गेली, तेच सांगून आली. ती बाळ देणारी मुलगी सापडल्याचं आम्ही कधी ऐकलं नाही. सापडली नाही, असंही कुणी सांगितलं नाही. वर्षअखेरीस आपाचा करार वाढवला नाही. वयामुळे, मॅनेजर म्हणाला. तो माझ्याशी बोलत होता, पण बघत होता कॅलेंडरकडे.

आता ती खाडीकाठी भावाच्या घरी असते. शुक्रवारी फोन करते. आधी भावाच्या गुडघ्याचं सांगते, मग विहिरीच्या पंपाचं, आणि शेवटी, सहज आठवल्यासारखं, "पोरीची काय खबर?"

खबर कुठली असणार? बालगृहाच्या दारात मला कोण उभं करणार? "माहीत नाही, आपा." असे कितीतरी शुक्रवार गेले. दर वेळी ती म्हणायची, "बरं," आणि फोन ठेवायची. त्या "बरं"चं वजन कुठल्याच काट्यावर मावलं नसतं.

मागच्या शुक्रवारी माझ्याच्यानं राहवलं नाही. "आपा, परवा आली होती! बालगृहाच्या बाईबरोबर. खोकला होता, छातीचा एक्स-रे काढला. फुप्फुसं काचेसारखी साफ. फाइल माझ्या हातात होती, पहिल्याच पानावर तू लिहून घेतलेली ओळ. आणि अशी गुटगुटीत, की मला उचलवेना!"

"वजन किती?" आपानं विचारलं.

"चौदा किलो!"

पलीकडून विहिरीच्या पंपाची धडधड तेवढी ऐकू येत होती.

"सव्वा वर्षाचं पोर चौदा किलो नसतं रे," ती हळूच म्हणाली.

कान फोनला चिकटवून बसलो. तिनं पदरानं नाक पुसल्याचा आवाज आला.

"मग?" आपा म्हणाली. "मशीनसमोर रडली काय?"