मागची बाजू

दुरुस्तीवाल्या काकांनी कॅमेऱ्याची लेन्स काढली आणि तिच्या मागचे इवलेसे सोनेरी ठिपके दाखवले. "मोडलं काही नाही. बोट लागून इथे तेलकटपणा साचलाय, म्हणून कॅमेऱ्याला लेन्स कळत नाही." त्यांनी ते मऊ फडक्याने पुसले, लेन्स परत बसवली आणि कॅमेऱ्याचा पडदा उजळला.

समोरची काच मी रोज पुसतो. मागे कधी पाहिलंच नाही.

लेन्स काढतो-बसवतो तो फक्त मी. बाबांनी एकदाच, आईचा फोटो काढायला, कॅमेरा हातात घेतला होता. दुसऱ्या दिवशी तो बंद पडला, तेव्हा मी सगळ्यांसमोर त्यांच्यावर ओरडलो होतो. स्वतःच्या बोटांवर संशय घ्यायचं सुचलंसुद्धा नव्हतं.

घरी येऊन कॅमेरा पुढे केला. "बाबा, आईचा फोटो काढा ना."

त्यांनी आधी दोन्ही हात पंच्याला पुसले.