हे कशावरून?

वकिलीच्या नव्या प्रवेश परीक्षा तेव्हा नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि आमच्या शेजारचे मास्तर नाशकात त्यांची शिकवणी घ्यायचे. समोरच्याच्या युक्तिवादातला कच्चा दुवा शोधायचा आणि तो युक्तिवादच हाणून पाडायचा, हा त्यांचा हातखंडा. दूधवाला नुसतं "दूध ताजं आहे" म्हणाला, तरी मान वाकडी करून विचारत, "हे कशावरून?" गल्लीत त्यांना कुणी साधी वेळही विचारत नसे.

पस्तिशी आली तरी लग्न जमेना, म्हणून मीच त्यांना सिन्नरला मुलगी दाखवायला नेलं. मुलीचे वडील खूश होते. "मास्तर सुपारीला बी शिवत नाय, म्हंजी माणूस सोन्यासारखा हाय."

मास्तरांची मान वाकडी झाली. "हे कशावरून? दात दुखत असतील तर?"

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात पोह्यांच्या बश्या उचलता उचलता मुलगी शांतपणे म्हणाली, "आणि असा शब्द न् शब्द तपासणाऱ्या माणसाशी संसार होतो, हे कशावरून?"

परतीच्या एसटीत मास्तर मुलीचंच वाक्य पुटपुटत होते. शेवटी मी म्हटलं, "मुलगी आवडली वाटतं तुम्हाला."

"हे कशावरून?" ते म्हणाले. पण या वेळी मान वाकडी नव्हती, खाली होती.