गुळव्याच्या सहा सुया

काहिलीतला उसाचा रस चढू लागला की आमचा गुळव्या डावा हात वर करायचा आणि म्हणायचा, "थांबा, कच्चा हाय." मग सगळे गप्प, मीसुद्धा. गुऱ्हाळाचा मालक कुणीही असो, काहील कधी उतरायची ते गुळव्याच ठरवतो, हे तुम्हीही पाहिलं असेल.

नेसरीकडचा हा माणूस कसबा बावड्यातल्या माझ्या गुऱ्हाळावर नऊ हंगाम आला. मी चिपाडं वाहत वर आलेला. कुणाचं ऐकून घेत नाही. त्याचं घ्यायचो. त्याच्या गुळाचा रंग बघून व्यापारी भाव पाडायचं विसरायचे.

धुरानं, वाफेनं त्याच्या उजव्या डोळ्यात मांस वाढलं. नाकाकडच्या कोपऱ्यातून गुलाबी पापुद्रा बुबुळावर सरकत होता. एकदा कापून घेतलं, तर वर्षात परत आलं. डॉक्टर म्हणाले, आता मुळाशी औषधाचं इंजेक्शन द्यायचं. दर आठवड्याला एक, अशी सहा. तोवर काहिलीखालच्या चुलवाणाजवळ जायचं नाही. मांस बाहुलीवर आलं, तर त्या डोळ्यानं दिसायचं नाही.

ऐन हंगाम होता. मी घासाघीस सुरू केली. सहाची तीन करा, दुसऱ्या दिवशी त्याला काहिलीवर बसू द्या. डॉक्टर म्हणाले, हा गुळाचा सौदा नाही. माझा आवाज चढला. डोळा बधिर करायचे थेंब घालून तो खुर्चीत बसला होता. तिथूनच म्हणाला, "मालक, सुई मला टोचायची हाय की. तुम्ही का वरडताय?"

नर्सला हसू आलं. मला नाही.

दोन सुया झाल्या. तिसऱ्या आठवड्यात तोडलेला ऊस अंगणात वाळत पडला होता. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात जा. पुढच्या आठवड्यातही तेच म्हटलं. "अंधुक दिसतंय मालक," एवढंच म्हणून तो वाद न घालता डोळ्यावर ओलं फडकं बांधून काहिलीवर बसला.

एक दिवस रस करपला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "दिसत न्हवतं तर सांगायचं की."

"सांगितलंतं," तो म्हणाला.

सकाळी त्याची वळकटी जागेवर नव्हती. मला वाटलं, राग येईल. काहीच आलं नाही. मी दुसरा गुळव्या बघायला निघालो. राग नंतर आला आणि राहिला. नऊ हंगाम एका ताटात जेवलेला माणूस न सांगता गेला, हे मी आजही धरून आहे.

पुढच्या हंगामात कळलं, तो गडमुडशिंगीच्या एका गुऱ्हाळावर आहे. चार शब्द सुनावायचे म्हणून गेलो. तिथला मालक म्हणाला, त्याच्या सहाही सुया नव्यानं करून घेतल्या, मगच चुलवाण पेटवलं.

तो समोर आला. डोळा स्वच्छ होता, कोपऱ्यात बारीक पांढरा वण. दोन्ही डोळ्यांनी त्यानं मला नीट पाहिलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यानं पानावर गुळाचा गोळा पुढं केला.

"घ्या पावणं," म्हणाला, "गरम हाय, जपून."

आणि काहिलीकडे वळला.