ताटातला गजरा

कुंकवाचं बोट माझ्या कपाळापाशी येऊन थांबलं. माझ्या आधीच्या कवयित्रीला पुरस्कार देणाऱ्या बाईंनी कुंकू लावलं, गजरा दिला, ओटी भरली. म्हणून मीही मान पुढे केली होती. तेवढ्यात ताट धरलेली बाई त्यांच्या कानाशी लागली. बोट मागे गेलं. रुमालाला पुसलं. पापडी गावातला तो अख्खा हॉल बघत होता आणि मी मान वाकवून तशीच उभी.

मग खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. टाळ्या झाल्या. माझ्या वाटणीचा गजरा ताटातच राहिला.

तो मीच ओवला होता.

वटार गावात आमची मोगऱ्याची बाग. नवरा गेल्यापासून मी सांभाळते. पहाटे फुलं खुडायची, दादरला पाठवायची, दुपारी लिहायचं. माझ्या पहिल्या कथासंग्रहाला पुरस्कार मिळाल्याचा साहित्य संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन आला. अभिनंदन केलं आणि म्हणाले, ताई, येताना गजऱ्यांपुरता मोगरा आणाल का, तुमच्या घरचाच आहे. शेजारची फिलोमिना आणि मी, दोघींनी बसून गजरे केले.

पुरस्कार देणाऱ्या बाई मोठ्या लेखिका. विधवेच्या कोऱ्या कपाळावर त्यांनी अख्खी कादंबरी लिहिलेली. नवरा गेला त्या वर्षी मी ती वाचली आणि त्यानंतरच लिहायला बसले. पुरस्कार मला त्यांच्याच हातून हवा होता.

भाषणात त्या म्हणाल्या, ही लेखिका रूढीच्या बेड्या तोडते. मी पायाखालची सतरंजी बघत होते. माझं मनोगत मी घरून लिहून आणलं होतं. त्यात बाईंचे आभार होते. ते वाचलं. सगळं वाचलं.

चहाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"गैरसमज नको हं. तुम्हालाच अवघडल्यासारखं झालं असतं."

मी "बरं" म्हटलं. त्यांच्या अंबाड्यात माझ्या बागेतला मोगरा होता.

परतताना रिक्षात फिलोमिना सोबत होती. निर्मळच्या तळ्यापाशी आल्यावर बोलली.

"फुलं तुझी चालली. तू नाय चालली."

शाल घडी करून मांडीवर ठेवली.

पुढच्या वर्षी पुन्हा सेक्रेटरींचा फोन. एका नव्या मुलीला पुरस्कार आहे, तो तुमच्या हस्ते, आणि तेवढा मोगरा. मी विचारलं, ताट असणार का? ते हसले. म्हणाले, पद्धत आहे ताई, बायकांना बरं वाटतं. मी सांगितलं, ताट स्टेजवर येणार नसेल तर येते. लग्नाची, बिनलग्नाची, नवरा गेलेली, सगळ्यांना शाल आणि नारळ. बस्स. कमिटीला विचारतो म्हणाले.

परत फोन आला नाही. मोगरा विरारच्या बाजारातून आला. पुरस्कार त्याच बाईंनी दिला. ताटही होतं. समारंभ छान झाला म्हणे. माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

न अडो. त्या स्टेजवर मी पुन्हा मान वाकवणार नाही. आणि ज्या ताटाला माझं कपाळ चालत नाही, त्या ताटात माझ्या बागेतलं एक फूलही जाणार नाही.