जावाच्या घंटेला मोहन्याचा गजरा

आयुष्यात पहिल्यांदा मी एकटी ठाण्याला निघाले. सकाळी माझ्या भाचीचा, रेखाचा फोन आला. ती वर्तकनगरला एका सभागृहात कामाला आहे.

"मावशी, जावा बेटावरच्या एका नगरपालिकेचा वाद्यांचा ताफा आलाय. चारला कार्यक्रम. वाजवण्याआधी घंटेला फुलं वाहायची, असा त्यांच्या पालिकेचा नियमच आहे. त्यांची फुलं काळी पडली. तू गजरे करतेस ना? घेऊन ये."

"अगं, मी? एकटी?"

"मग काय वरात पाठवू?"

मोहन्याहून रिक्षाने कल्याण गाठलं. फुलबाजारात मोगरा घेतला आणि ठाण्याच्या एसटीत बसले. बस सुटताच ओटीत फुलं घेऊन मी गजरा ओवायला लागले. शेजारणीने विचारलं, "लग्न कोणाचं?"

"लग्न नाही. नगरपालिकेचं काम आहे," मी हळूच म्हणाले.

कंडक्टरने ऐकलंच. "मग ताई, दोन फुलं खड्ड्यांवर पण वाहा!"

सगळी बस हसली. मी पदरात तोंड लपवून हसले.

सभागृहात पितळेचं गावच वसलेलं! त्याला गामेलान (एकत्र वाजवायची वाद्यं) म्हणतात. मागे लग्नातल्या काहिलीएवढी घंटा टांगलेली. आपल्या ऑफिसातल्या खुर्च्यांवर असतो तसा प्रत्येक वाद्यावर पालिकेचा नंबर. रेखा म्हणाली, तिकडे ठरलेल्या दिवशी कर्मचाऱ्यांनी जुन्या पद्धतीचा पोशाख घालूनच कामावर यायचं. नऊवारी नेसून घरपट्टी घेणारी बाई डोळ्यांसमोर आली आणि मला हसू आवरेना.

त्या हसण्यातच मी दसऱ्याला नवऱ्याच्या रिक्षाला घालते तसा गजरा घंटेभोवती गुंडाळला. तेवढ्यात त्यांच्या अधिकारी वेनिंगबाई फुलं वाहायच्या नियमांची यादी घेऊन आल्या आणि जागीच थांबल्या.

त्या इंग्रजीत बोलल्या, रेखाने मला सांगितलं. "मावशी, फुलं सुटी, वाटीत, घंटेच्या पायाशी ठेवायची. वाद्याला काही बांधायचं नाही. यादीप्रमाणे झाल्याशिवाय त्यांना वाजवता येत नाही."

चारला दहा मिनिटं होती. खुर्च्या भरत होत्या. मी घाईघाईने गजरा सोडायला लागले, पण गाठ सुटेना.

घंटा वाजवणारे म्हातारबाबा जवळ आले. त्यांनी गजऱ्याचा वास घेतला, काहीतरी बोलले आणि खो खो हसले. मग वेनिंगबाईही हसल्या आणि रेखाला इंग्रजीत सांगितलं.

"काय म्हणाले गं?"

"त्यांची आई घंटेला अशीच माळ घालायची म्हणे. पालिकेने यादी केली, तेव्हा तिला कोणी विचारलंच नाही."

उरलेली फुलं मी वाटीत ठेवली. गजरा त्यांनी तसाच राहू दिला. वेनिंगबाईंनी यादीत एक ओळ वाढवली आणि 'फुलं कोणी वाहिली' तिथे बोट ठेवलं. चौथीत शिकवलं तसं मी पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, काना-मात्रा जपून.

बाबांनी घंटा वाजवली. आवाज आधी पोटात आला, मग कानात. चार कळ्या खाली पडल्या.

घरी आले तर नवरा म्हणाला, "काय, फिरून आलीस ठाणं?"

"मी ठाण्यापर्यंतच गेले," मी म्हणाले. "नाव पुढे जावाला गेलं."